टीव्हीच्या बाजूला राहिलेली एकशे बारा नावं

आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, लग्नपत्रिका छापायला देण्याआधी नावांची बैठक बसते. भाऊबंदांची नावं एकेक करून वाचली जातात आणि कुणाचं आधी, कुणाचं नंतर, ते तिथेच ठरतं. या बैठकीत लॅपटॉप आणला तो आमच्या शीलाकाकूंनी. चाळिशीनंतर शहाद्याला रोज जाऊन त्या टायपिंग शिकल्या. पत्रिकेचा मजकूर घरी तयार करून छापखान्याला पाठवायचा, असं काम त्यांनी यंदा सुरू केलं. भाऊबंदांतल्या भाग्येशच्या लग्नाची पत्रिका हे पहिलंच.

म्हाताऱ्यांना बारीक अक्षर दिसेना, म्हणून काकूंनी लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडला, लिहायचा साधा एडिटर टीव्हीवर सरकवला आणि पडदाभर मोठा केला. अक्षरं दिसली तशी भांडणंही सुरू झाली. सुपडू आबा थोरल्या घराचे. धुडकू नाना धाकट्या घराचे, पण वयाने चार वर्षं मोठे. आधी घर, की आधी वय? दोन तासांनी तोड निघाली: निमंत्रकांत नाना वर, भाऊबंदांत आबांचं घर पहिलं. एकशे बारा नावं त्या क्रमाने लागली, आणि वीज गेली.

टीव्ही काळा झाला. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण त्यावर एडिटर नव्हता. काकूंनी केबल काढली. एरवी अशाने विंडो लॅपटॉपवर परत येते. आली नाही. भांडणाच्या भरात मजकूर सेव्ह करायचाही राहिला होता.

"बठ्ठा नावं गयात का वं?" आबांनी आमच्या अहिराणीत विचारलं.

"गयात नही आबा. शेतस, फक्त दिसी नही ऱ्हायनात."

"परत लिखानी येळ उनी," नाना म्हणाले, "ते मन्हं नाव दोन्ही जागे वर. आधीच सांगी ठेवस."

"झाये का सुरू!" आबा ताठ बसले.

काकूंनी मला पुण्याला फोन लावला. मी कॉम्प्युटर शिकलेला, ताबडतोब सांगितलं, "काकू, प्रोग्राम बंद करीसन परत उघाड."

"बंद करं ते नावं जातीन. मंग दोन घंटानं भांडन परत कोन करी, तू?"

मी बॅटरी किती उरली ते विचारलं. अठरा टक्के होती.

खालच्या पट्टीवर एडिटरचं चिन्ह होतं. त्यावर माऊसचा बाण नेला की बोटभर चित्र उमटायचं आणि त्यात मुंगीएवढ्या ओळी दिसायच्या. म्हणजे विंडो शाबूत होती; टीव्ही अजून शेजारीच आहे असं धरून तिकडेच बसली होती. "माले ती फक्त आठे वढानी शे," काकू म्हणाल्या. मी बटणं सांगितली: ऑल्ट आणि स्पेसबार, मग एम, मग बाणाचं बटण. त्यांनी दाबली. काही हललं नाही. पुन्हा दाबली. नाही.

बारा टक्के.

"थांब," काकू म्हणाल्या. "मी ती पडदाभर करेल शे ना? खाट आडवी धरी ते दारमातून निंघस का? आगोदर ती ल्हान करनी पडी."

हे मला सुचायला हवं होतं. ऑल्ट, स्पेसबार आणि आता आर, म्हणजे विंडो लहान. मग तेच, पण एम. बाणाचं बटण एकदा दाबून त्यांनी माऊस हळूच डावीकडे ओढला. उजव्या कडेने पांढरी पट्टी आत आली, मग 'श्री गणेशाय नमः', मग नानांचं नाव. विंडो टीव्हीच्या मापाची, तिचा खालचा भाग पडद्याबाहेरच राहिला. काकूंनी तिकडे बघितलंही नाही. आधी कंट्रोल-एस दाबलं, फाइलला 'भाग्येश' नाव दिलं आणि मगच श्वास सोडला.

"मन्हं नाव वर शे ना?" नानांनी मान लांब केली.

"शे. आबानं घरबी जठे ठरनं तठेच शे. आते काही बदलानं नही, छापाले धाडस मी."

मोबाइलच्या नेटवर फाइल शहाद्याला गेली तेव्हा चार टक्के उरले होते. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी नानांना हात दिला.

"चाल नाना, जेवाले. आते भांडाले काही उरनं नही."