मांडीखालचे हात

हिंदी मुलखातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये दोन लेकरं वाढली, भूमिका आणि तिच्याहून लहान पीयूष. पीयूष पडद्याला लोंबकळायचा, शाळेत बाकांवरून उड्या मारायचा. भूमिका खिडकीशी बसून वहीचे कोपरे कुरतडायची, कंपास हरवायची, गणित अर्ध्यात सोडायची, गॅससमोर उभी असतानाच दूध उतू जाऊ द्यायची. पीयूषची तक्रार आली की घरच्यांच्या जिवाला घोर लागायचा. भूमिकाच्या वाट्याला नुसता धपाटा. पोरीची जात आणि इतकी वेंधळी, यापलीकडे कुणाचं डोकंच चाललं नाही.

शेवटी वडिलांनी प्लांटमधून सुट्टी काढली आणि पीयूषला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. त्याला धरून ठेवायला आई आणि भूमिका दोघींनाही सोबत घेतलं. निघताना आई, गयाबाई, तिला म्हणाली, "तिथं नीट बसजो. चुळबूळ करू नको. हात मांडीखाली ठेव." पीयूषला असलं काही सांगून उपयोग नाही, हे सगळ्यांनी केव्हाच मान्य केलं होतं.

डॉक्टर एकेक विचारत गेले. वस्तू हरवतो का? ऐकता ऐकता मन भलतीकडे जातं का? कामं अर्धवट टाकतो का? भूमिका कान देऊन ऐकायला लागली. हे तर सगळं आपलंच! तिने धीर केला आणि म्हणाली, "मले पण असंच होते."

डॉक्टर हसले. "अरे, बेटी तो कितनी शांति से बैठी है!" आईवडीलही हसले. मांडीखाली तिच्या हातांना मुंग्या आल्या होत्या.

पीयूषच्या त्रासाला नाव मिळालं, एडीएचडी, लक्ष न टिकण्याचा विकार. नाव मिळाल्याबरोबर घर त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागलं. शाळेने परीक्षेत जास्त वेळ दिला. आणि त्याची गोळी आठवणीने द्यायचं काम कुणाकडे? भूमिकाकडे! जिला स्वतःचा डबा आठवत नव्हता, तिच्याकडे! गोळी चुकली की गयाबाई कडाडायची, "त्याले तं बिमारी आहे. तुले काय झालं?"

याचं उत्तर भूमिकाला कुणी दिलंच नाही. पीयूष इंजिनियर झाला, चांगलंच झालं. भूमिका बारावीत नापास झाली. सिव्हिक सेंटरच्या बाजारात कपड्याच्या दुकानात लागली, तर बिलांत चुका करते म्हणून तिथूनही काढून टाकली. पुढे लग्न झालं, हर्षा झाली. आता हर्षा शाळेत जाते. मॅडम म्हणतात, पोरगी गोड आहे, कुणाला त्रास नाही, फक्त अभ्यासात मागे पडते आहे.

हे ऐकून भूमिकाने सरळ डॉक्टरचा नंबर लावला. लेकीचं आपल्यासारखं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. गयाबाई बडबडत सोबत आली. "कावून पोरीच्या मागं डॉक्टर लावून राहिली? चूप तं बसते बिचारी." मग नातीला जवळ ओढून म्हणाली, "आत नीट बसजो, बाई."

आत खुर्चीवर बसताच हर्षाने दोन्ही हात निमूट मांडीखाली सारले. भूमिकाच्या डोक्यात तिडीक गेली.

"हात काढ, हर्षा! घरी जशी बसते, तशीच बस."

हर्षाने भीतभीत आजीकडे पाहिलं, मग हात काढले. लगेच टेबलावरचं पेन खाली पडलं. ते उचलायला ती वाकली आणि खुर्चीचं चाक फिरवत तिथेच रमली. पेन विसरलीच.

"घर में भी ऐसे ही करती है?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो. आणि लहानपणी मी पण," भूमिका म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

गयाबाई नवल करत तिच्याकडे बघत राहिली. "मंग तू आमाले कधी सांगतलं कावून नाई?"