सकाळच्या अंड्यांचा रस्सा

निवृत्त होईपर्यंत मी मुलांचे निबंध तपासले. स्वतः मात्र एकही लिहिला नाही. या वयात लेखणी हाती धरावी आणि विषय निवडावा तो अंड्याचा, हा आगाऊपणा आहे याची मला जाणीव आहे. वाचकांनी तो पोटात घालावा.

निवृत्तीनंतर आम्ही किन्हीराजा गावी शेतातल्या घरी राहायला आलो आणि मी गावरान कोंबड्या पाळल्या. अंगणाच्या कोपऱ्यात खुराडं उभं राहिलं. यजमानांना नेमक्या त्याच जागी मोटारसायकलसाठी शेड हवी होती. दुकानात अंडी मिळत असताना अंगणात घाण कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आणि ‘चव वेगळी असते’ याहून भक्कम उत्तर माझ्यापाशी नव्हतं. अखेर निवाडा शेलूबाजारच्या थोरल्या नणंदबाईंवर सोपवला गेला. त्यांचा शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही. माझी अंडी सरस ठरली तर खुराडं राहील, नाही तर तिथे शेड.

त्या जेवायला येणार त्या दिवशी यजमानांनी मालेगावहून अंड्यांचा ट्रे आणला. मी टोपलीतली जुनी अंडी बाजूला सारून त्याच सकाळची, अजून हाताला ऊब लागणारी अंडी निवडली. जितकं ताजं तितकं उत्तम, अशी माझी ठाम समजूत होती.

दोन पातेल्यांत अंडी उकडली. दुकानातल्या अंड्यांची टरफलं अलगद निघाली. आतली अंडी गुळगुळीत, देखणी. माझ्या अंड्यांची टरफलं मात्र आतल्या पांढऱ्याला अशी चिकटली होती की नखाने ओढावं तर टवकाच हाती येई. नणंदबाई समोर बसून हे सारं बघत होत्या.

“काव मास्तरीनबाई, अंडे सोलून राह्यली, का उंदराले कुरतडाले देल्ले होते?”

“मी तं कवाचा सांगून राह्यलो,” यजमान उत्साहाने म्हणाले. “बाई, घेऊ का शेडचं माप?”

“थांब ना रे बापू. जेवू तं दे पयले.”

त्या विद्रूप अंड्यांकडे बघताना माझे कान तापले. पण हातातला टवका दाबून पाहिला तेव्हा मनात आलं, ज्या अंड्यातलं पांढरं टरफलाला इतकं धरून राहतं, ते रश्शातही स्वतःला धरून राहील. आमच्याकडे घाईच्या दिवशी अंडी उकडत नाहीत, कच्चीच उकळत्या रश्शात फोडून सोडतात. रस्सा उकळत होताच. मी आच मंद केली आणि तो दोन कढयांत वाटून घेतला. एकीत ट्रेमधली अंडी फोडली, दुसरीत सकाळची उरलेली.

पहिल्या कढईत पांढरं पसरत गेलं, त्याच्या चिंध्या झाल्या आणि रस्सा गढूळ दिसू लागला. दुसऱ्या कढईत प्रत्येक अंडं आपल्या जागी गोळा होऊन बसलं. वर तर्री तशीच लाल राहिली. नणंदबाईंनी ज्वारीच्या भाकरीने एक अंडं मोडलं. आतून दाट, केशरी बलक हळूच रश्शात उतरला. त्यांनी तो भाकरीने निपटून घेतला. मग ताट पुढे केलं.

“याच कढईतलं अजून एक वाढ. त्या गढूळ रश्शातलं याले दे, यानंच आनलं.”

“अन् शेड, बाई?”

“गाडी उन्हात उभी राह्यली तं कोमेजत नाही, बापू. कोंबड्या राहू दे.”

यजमान हसले आणि त्यांनीही माझ्याच कढईकडे वाटी सरकवली. आयुष्यात मला हारतुरे मिळाले आहेत. त्या वाटीइतका आनंद त्यांतल्या एकानेही दिला नाही.

न्यायाने बोलायचं तर उकडण्यात दुकानातलं अंडं जिंकलं होतं. भुर्जीत कांदा-मिरची पडल्यावर डोळे मिटून फरक सांगणं मलाही जमत नाही. मात्र आता उकडायची अंडी मी आठवडाभर मुरू देते आणि रश्शात सकाळचीच फोडते. हे मला करता येतं, कारण टोपलीतलं प्रत्येक अंडं कधीचं आहे हे मला माहीत असतं. त्याचा मला, संकोच बाजूला ठेवून सांगते, अभिमान वाटतो.

तुमच्या घरातलं अंडं कधीचं आहे, हे तुम्हाला ठाऊक असतं का?