तिकडच्या पडद्याचं माप

आत्या किंचाळली तेव्हा मी आंघोळीला निघाले होते. पुन्हा पडली की काय म्हणून टॉवेल टाकून धावत आले, तर बाईसाहेब खुर्चीत ठाकठीक बसलेल्या, फक्त चेहरा पांढराफटक. लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाली, "बघ हे! पिण्याचं पाणी आणि मैला एकाच नळातून चाललाय!"

माझी आत्या नळांचे नकाशे काढते. जमिनीखालून कुठला पाइप कुठे जातो, कुठे वळतो, हे सगळं ती कॉम्प्युटरवर रेघांनी दाखवते. निळी रेघ पिण्याच्या पाण्याची, तपकिरी सांडपाण्याची, आणि दोन्हींत जेमतेम नखभर अंतर. एकाच कंपनीत तिची हयात गेली. तिथे तिला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि मला विचाराल तर आवडतंही. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं की ती म्हणते, "सरळ उभा राहणारा एकही सापडला नाही." मी तिची भाची, दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसते आणि तिच्याकडे राहते. ती लोकांना सांगते की ती मला सांभाळते. मी वाद घालत नाही, कारण स्वयंपाक ती करते.

मागच्या वर्षी ती ऑफिसच्याच जिन्यावरून गडगडली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, आणि डॉक्टरांनी जिन्याचं नावही काढायचं नाही अशी तंबी दिलेली. तेव्हा कंपनीने सोय करून दिली. तिचा कॉम्प्युटर ऑफिसात तिच्या टेबलावर चालूच राहणार, आणि ती घरच्या लॅपटॉपवरून तो चालवणार. इथे माऊस हलवला की तिथल्या पडद्यावरचा बाण हलतो. पहिल्या दिवशी याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की तिने तिथल्या शेजारणीला फोन लावला. शेजारीण म्हणजे ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरची बाई. वर्षानुवर्षं दोघींनी एकत्र डबे खाल्लेले.

"अगं, माझा बाण हलतोय का?"

"हलतोय की! मेली, भूत बसल्यासारखं वाटतंय तुझ्या खुर्चीत."

तेव्हापासून तो नेमच झाला. सकाळी कामाला बसलं की फोन, "हलतोय का?" आणि पलीकडून, "हलतोय." मग कोण रजेवर आहे, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळ्या बातम्या. या एका फोनवर आत्या दिवस काढायची. पाय बरा झाला की आपल्या खिडकीजवळच्या टेबलावर परत जायचं, याखेरीज तिला दुसरं काही नको होतं.

आमची भांडणं व्हायची ती मापावरून. तिथला मॉनिटर खिडकीएवढा, इथला लॅपटॉप पाटीएवढा. तिथलं सगळं इथे मावायचं तर अक्षरं मुंग्यांएवढी होतात. खऱ्या मापात बघायचं तर नकाशाचा एक कोपराच दिसतो, आणि बाकीचा डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. यावर साधा उपाय आहे. तिकडच्या मशीनचं रिझोल्यूशन लॅपटॉपच्या मापाचं करून टाकायचं, मिनिटभराचं काम. मी करायला गेले तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

"तिकडच्या पडद्याला हात लावायचा नाही! आयकॉन सगळे इकडचे तिकडे होतात. मी परत जाईन तेव्हा मला सगळं जागच्या जागी हवंय."

"तोवर डोळे जातील तुझे."

"जाऊ देत एक. दुसरा आहे ना."

आणि ही बाई महिनोन् महिने नकाशे सरकवत बसली. रात्री डोळ्यांत थेंब, मानेला शेक. जिद्दीला काही औषध असतं का?

तर आत्या किंचाळली त्या सकाळी तो पडदा असा झाला होता. आयकॉन बशीएवढे, सगळे एका कोपऱ्यात कोंबलेले, अक्षरं जाडीभरडी, आणि निळी-तपकिरी रेघा एकमेकींना चिकटलेल्या. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर नेहमीचं माप यादीतच नाही. सगळ्यात लहान तेवढं एक उरलेलं. आत्याने फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"हलतोय का गं?"

"हलतोय."

"आणि चित्र कसं दिसतंय? मोठंमोठं, फुगल्यासारखं?"

"नाही बाई. नेहमीसारखंच आहे."

"म्हणजे बिघाड आपल्याकडे," आत्या मला म्हणाली आणि जरा सावरली. मी मात्र लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, जोडणी तोडून पुन्हा जोडली. ढिम्म फरक नाही. शेवटी त्यांच्या ऑफिसच्या संगणकवाल्याला फोन केला. त्याने कुठूनशी तपासणी केली आणि अगदी सहज सांगून टाकलं.

"मॅडम, त्या मशीनला मॉनिटर जोडलेलाच नाहीये. मॉनिटर काढला की मशीनला कुठलं माप धरायचं ते कळत नाही, मग ते सगळ्यात लहान धरतं, आणि त्यात सगळं फुगून दिसतं."

"काहीतरीच काय? माझी शेजारीण आत्ता बघतेय त्यात!"

तो खाकरला. मग "बघतो" म्हणून त्याने फोन ठेवला. मी आत्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाचा आ तसाच होता.

तासाभराने पडदा आपोआप पूर्वीच्या मापाला आला. रेघा सुट्या झाल्या, अक्षरं रेखीव झाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आभार मानायला संगणकवाल्याला फोन केला. मॉनिटरची केबल सैल झाली होती का, एवढंच विचारलं.

"नाही, मॉनिटर नाही लावला. एक अंगठ्याएवढं बोंड मिळतं, ते मागे खोचलं. त्याने मशीनला वाटतं, मॉनिटर आहे. काम होतं."

"आणि खरा मॉनिटर?"

"ताई, मला यात घेऊ नका," तो म्हणाला. खरोखर असंच म्हणाला.

आत्याने सगळं ऐकलं होतं. तिने माऊस धरून एकेक आयकॉन उचलला आणि आपापल्या जागी नेऊन ठेवला, वरून खाली, सरळ रेघेत. शेवटचा ठेवल्यावर काठी घेऊन उभी राहिली.

"गाडी बोलव."

"डॉक्टर मला मारतील."

"दाताचा ना? त्याला काय कळतंय हाडातलं?"

जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती. मी मागे दोन्ही हात पसरून, जसं काही ती पडलीच तर मी तिला झेलणार होते. वर पोचेपर्यंत तिच्या कपाळावर घाम डवरला होता, पण दारात तिने केस सारखे केले, पदर नीट केला आणि आत शिरली.

खिडकीपाशी तिचं टेबल नव्हतं. तिथे काचेची खोली होती. आत एक लांबलचक गुळगुळीत टेबल, भोवती माणसं, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी बाण काढत होतं. काच काही काल बसवलेली नव्हती. तिच्यावर चिकटवलेल्या सूचनांचे कोपरेसुद्धा जुने होऊन दुमडले होते. मी डोळे फाडून बघत राहिले. आत्याने एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं, चुकीच्या मजल्यावर तर आलो नाही ना म्हणून.

शिपाई धावत आला. त्याला बिचाऱ्याला खरा आनंद झाला होता. "मॅडम, आलात! तुमचं मशीन एकदम व्यवस्थित आहे, मी रोज बघतो," म्हणत त्याने अभिमानाने कोपऱ्यातलं दार उघडलं. ती अडगळीची खोली. रिकामी खोकी, मोडका पंखा, फरशी पुसायची बादली, आणि बादलीच्या बाजूला जमिनीवर आत्याचा कॉम्प्युटर, एकटाच घरघरत, हिरवा दिवा लुकलुकतोय. मागे ते काळं बोंड. आपण रोज नऊ वाजता वेणीफणी करून ज्याच्यासमोर बसत होतो ते हे, असं तिच्या मनात आलं असेल. माझ्या तरी आलं.

"मॉनिटर?" तिने विचारलं.

शिपायाने नुसतं मागे, टेबलांच्या रांगेकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. शेजारणीच्या टेबलावर खिडकीएवढा मॉनिटर होता. त्याच्या खालच्या काठाला कागदाची मोजपट्टी चिकटवलेली. असली मोजपट्टी मॉनिटरला चिकटवणारं माणूस जगात एकच.

शेजारीण उठून उभी राहिली. "अगं, तू जिना कशी चढलीस?" एवढंच तिला सुचलं.

"माझा बाण हलतोय का?" आत्याने विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेजारणीला रडू फुटलं. "टेबल काढलं तेव्हा तू नुकती अंथरुणातून उठायला लागली होतीस. कसं सांगायचं गं तुला? तू विचारायचीस आणि मी हो म्हणायची. रोज ठरवायची, उद्या सांगू. आणि मॉनिटर अडगळीत मशीनला जोडून नुसता पडून होता, माझा सारखा बंद पडायला लागला, म्हणून काल मी... त्याने तुझ्याकडे काही होईल असं खरंच वाटलं नाही."

म्हणजे मॉनिटर तिने नेला नसता तर आम्हाला कधी कळलंच नसतं. आत्या पाय बरा करत बसली असती आणि सकाळी फोन करत राहिली असती.

तेवढ्यात काचेच्या खोलीतून साहेब बाहेर आले, तोंडभर हसत. "मॅडम! अहो, कशाला एवढी तसदी घेतलीत? घरून तुमचं काम इतकं उत्तम चाललंय, की तुम्ही इथे नाही हे कुणाला जाणवतसुद्धा नाही!"

माणूस मनापासून कौतुक करत होता, हे सगळ्यात वाईट. माझ्या डोक्यात तिडीक गेली, तोंड उघडलंही, पण आत्याने माझं कोपर घट्ट दाबलं.

"आभारी आहे, साहेब," ती म्हणाली.

शेजारीण मॉनिटरची केबल उपसायला लागली होती. आत्याने तिचा हात धरला. "राहू दे. वापर. तुझ्या डोळ्यांना तोच बरा."

गाडीत मीच बडबडत होते. त्या शेजारणीला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्या बाहेर बघत होती. घरी आल्यावर जेवली आणि झोपली. डोळ्यांत थेंबसुद्धा घातले नाहीत.

सकाळी बरोबर वेळेवर ती लॅपटॉपसमोर हजर. वेणी घातलेली, चष्मा पुसलेला. फोन मात्र तिने केला नाही. जरा वेळाने तोच वाजला.

"बसलीस का कामाला?" शेजारीण.

"बसले."

"आज विचारणार नाहीस?"

"नाही." आत्याने फोन ठेवला. मग मला हाक मारली. "ये इकडे. ते माप बदल. या लॅपटॉपचं कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तिकडच्या पडद्याचं? आयकॉन हलतील तुझे."

"हलू देत."

मी खुर्ची ओढली. मिनिटभराचं काम म्हणून मी इतके दिवस भांडत होते, आणि आता मीच एकदा वळून तिच्याकडे पाहिलं. यादी उघडली, माप निवडलं, 'ठीक' दाबलं. पडदा एकदा काळा झाला आणि परत आला. काल तिने लावलेली आयकॉनची रांग मोडून पडली होती. पण नकाशा पहिल्यांदाच अख्खा दिसत होता, निळी रेघ वेगळी, तपकिरी वेगळी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

आत्या बराच वेळ बघत बसली. मग कामाला लागली. मध्येच तिचा हात सवयीने नकाशा सरकवायला गेला, आणि सरकवायला काही उरलेलं नाही हे कळल्यावर तसाच माऊसवर थांबला.