दुर्गाताईंचं ‘हॅव बीन’

सिल्वासाजवळच्या मसाटमधल्या एका धागा कारखान्याच्या गेटवर दुर्गाताई सिक्युरिटीचं काम करतात. मूळच्या साक्रीकडच्या. नवरा नवनाथ त्याच कारखान्यात मशीनवर. परदेशी पाहुणे आले की आपण नुसतं हसत उभं राहायचं, याचा ताईंना कंटाळा आला, म्हणून त्या रविवारी सिल्वासात शैलजा मॅडमच्या इंग्रजी क्लासला जायला लागल्या.

बाकीचे काळ डोक्यावरून गेले; पण ‘हॅव बीन’वर त्यांचा जीव जडला.

“काम मागेच सुरू झालंय आणि अजून चालूच आहे, तेव्हा हे वापरायचं,” मॅडमनी सांगितलं.

“मग आमच्या घरात दुसरा काळच नाही, मॅडम!”

तेव्हापासून नवनाथचे हाल सुरू झाले. “यू हॅव बीन स्लीपिंग सिन्स दुपार!” ऐकत तो उठायचा आणि “यू हॅव बीन लुकिंग मोबाईल!” ऐकत जेवायचा.

अशात नवीन मशीन बसवायला कॅनडाहून एक इंजिनिअर आले. मशीन काही केल्या चालेना. संध्याकाळी साहेब गेटवर येऊन स्टुलावर मटकन बसले. शर्टावर ऑइलचे डाग, केस विस्कटलेले, कोपर खरचटलेलं.

“हाऊ आर यू, सर?” ताईंनी विचारलं.

“आय ॲम बीट,” साहेब म्हणाले.

बीट म्हणजे मारणं, हे ताईंना पक्कं ठाऊक. म्हणजे साहेबांना कुणीतरी मारलं! तरी व्याकरण सोडलं नाही. “हू हॅज बीन बीटिंग यू, सर?”

साहेबांनी आत बोट दाखवलं. “दॅट मशीन! सिन्स मॉर्निंग!”

मशीननं मारलं, म्हणजे अपघात! ताईंनी धावत जाऊन भोंग्याचं बटण दाबलं.

सगळी शिफ्ट मैदानात आली. सेफ्टी ऑफिसर विश्वनाथ स्ट्रेचर घेऊन धावले. “किधर लगा? किधर लगा?” चौघांनी साहेबांना आडवं केलं. ते “नो, नो, आय ॲम फाइन!” ओरडत होते.

“शॉक में बोल रहा है, कस के पकडो!”

पट्टे आवळून त्यांना दवाखान्याच्या खोलीत नेलं. तिथे साहेबांनी खुलासा केला. त्यांच्याकडे फार दमलं की ‘आय ॲम बीट’ असंच म्हणतात.

दाराशी उभ्या ताईंचा चेहरा एवढासा झाला. “सॉरी, सर. आय हॅव बीन लर्निंग.”

साहेब पोट धरून हसले. पट्टे सोडले तरी उठेनात. दिवसभरात पहिल्यांदाच पाठ टेकली होती म्हणे. चहाही त्यांनी तिथेच मागवला.

विश्वनाथ आधी तापले होते. मग त्यांना आठवलं की या महिन्याची सेफ्टी ड्रिल राहिलीय. त्यांनी तीच ड्रिल म्हणून नोंदवून टाकली आणि लोक चटकन जमले म्हणून शाबासकीही मिळवली.

रविवारी ताईंनी सगळी हकिगत क्लासमध्ये सांगितली. मॅडमनी हसून डोळे पुसले आणि बोलण्यातले असे फसवे शब्द फळ्यावर लिहायला घेतले.

“मॅडम, यांच्याकडे शब्दांची टंचाई आहे का हो?” ताईंनी विचारलं.

“का?”

“मारायला आणि दमायला एकच शब्द!”