आप्पांच्या खळ्यावरची सूर्यमाला

सूर्य व्हायला आमच्या राहू गावात माणसांची कमी नाही. यंदा शाळेच्या गॅदरिंगमध्ये पालकांनी जिवंत सूर्यमाला करून दाखवायची असं गुरुजींनी ठरवलं आणि दिग्दर्शन माझ्या गळ्यात घातलं. मीही लगेच घालून घेतलं, खोटं कशाला बोलू? मांडवगण फराट्याला माहेरी असताना मी गावच्या नाटकात राक्षसापासून वरमाईपर्यंत सगळं केलं होतं आणि सासरी येऊन पंचवीस वर्षं नुसत्या भाकरी थापत होते. पहिल्याच बैठकीत सूर्याच्या जागेसाठी तीन जण उभे राहिले. आपण मधोमध नुसतं उभं राहायचं आणि बाकीच्यांनी आपल्याभोवती फिरायचं, हे कळल्यावर कोण मागं राहील? शेवटी दोघांनी माघार घेतली आणि सोसायटीचे चेरमन बिनविरोध सूर्य झाले. ग्रहांसाठी मात्र मला दारोदार फिरावं लागलं.

शाळेचं मैदान ब्लॉक बसवायला उकरलेलं होतं, म्हणून कार्यक्रम शेजारच्या आप्पांच्या जुन्या खळ्यावर घ्यायचा ठरला. आता त्या खळ्यावर मळणी होत नाही. कांदा वाळतो आणि ट्रॅक्टर उभा राहतो. ते आमच्या ओट्याला लागूनच आहे आणि मला तेच हवं होतं, कारण ओट्यावरच्या बाजेवर माझे सासरे होते.

आबांचा जन्म मेंढरांमागं गेला. उमेदीच्या वयात ते दर वर्षी कळप घेऊन पायी कोकणात उतरायचे आणि पायीच वर यायचे. आता पुण्याला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, रोज चालले नाहीत तर गुडघा आखडेल आणि मग बाजेवरून उठणं अवघड होईल. चालायला चार पायांचा वॉकर दिला होता. आबा घरात, दार लोटून, न्हाणीपर्यंत चालायचे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाव काढलं की तोंड फिरवायचे.

"आबा, जरा खळ्यापर्यंत जाऊन या की."

"ही लोखंडी शेळी घिऊन? लोकं म्हणतील, कोकण उतरणारा गडी हाय, आन् आता शेळी त्याला चालवती."

यावर मी पुष्कळ बोलून पाहिलं होतं. रागावून पाहिलं, रडून पाहिलं, आणि माझं रडणं चांगलं वठतं. उपयोग शून्य.

तालमीला आप्पा आपणहून सल्लागार झाले. खळं त्यांचं, त्यामुळं मला ना म्हणता येईना. गुरुजींनी आधी सूर्यमाला कशी झाली ते समजावलं. फार पूर्वी वायूचा आणि धुळीचा एक प्रचंड ढग होता, तो फिरता फिरता आत आकसत गेला, मधे सूर्य पेटला आणि उरलेल्या चकतीतून ग्रह झाले. सूर्याजवळच्या उष्णतेत दगड आणि धातू तेवढे टिकले, त्यांचे लहान, घट्ट ग्रह झाले. बर्फ आणि हलके वायू लांबच्या गारठ्यात साठले, तिथले ग्रह अवाढव्य झाले.

"मंग हे उपणणंच झालं की!" आप्पा टाळी वाजवून म्हणाले. "वाऱ्यावर पाटी धरली की दाणा पायापाशी पडतोय आन् भुसा लांब जातोय. जड ते जवळ, हलकं ते लांब!"

गुरुजी खूश झाले. म्हणाले, कारण वेगळं आहे, पण दाखवायला याहून चांगलं काही मिळणार नाही. झालं! आप्पांची कॉलर ताठ. दुसऱ्या दिवशी गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले आणि ग्रहांना फिरवायचं काम आप्पांनी हातात घेतलं.

मळणीत बैल एका दाव्याला ओळीनं बांधतात. खांबाजवळच्या बैलाला जागच्या जागी फिरायचं असतं, म्हणून तिथं म्हातारा बैल. बाहेरच्याला मोठा फेरा मारायचा असतो, म्हणून तिथं तरणा, पळणारा. आप्पांनी हाच हिशेब लावला. आठही ग्रहांच्या हातात एक दावं दिलं. चेरमनच्या अगदी जवळ, बुधाच्या जागी, अंगणवाडीच्या मदतनीस मावशी उभ्या केल्या, कारण त्यांना दम लागतो. सगळ्यात बाहेर नेपच्यून म्हणून उभी केली स्वतःची नात. ती पोलीस भरतीची तयारी करते आणि पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळते.

"हाऽऽ चला!" आप्पा ओरडले आणि सूर्यमाला सुरू झाली. मावशी चेरमनभोवती पानाचं तबक फिरवावं तशा सावकाश वळत होत्या. नात मात्र खळ्याकडेच्या निंबाला वळसा घालून, ट्रॅक्टरमागून, कांद्याच्या वाफ्यावरून धावत होती आणि दाव्याला धरलेले मधले ग्रह एकमेकांवर आपटत होते. गुरू पडला, त्याच्यावर शनी पडला. ओट्यावरून आबा पोट धरून हसले. ऑपरेशननंतर त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच वेळी गुरुजी परत आले आणि गाडीवर बसूनच ओरडले, "आप्पा, उलटं! सगळं उलटं! जवळचा ग्रह सगळ्यात जोरात पळतो. लांबचा सगळ्यात हळू!"

"आसं कसं? मागं ऱ्हायला तर दाव्याला हिसका बसंल की!"

"दावंच नाहीये आप्पा. सूर्य ओढून धरतो तेवढंच. जवळच्याला ओढ जास्त, तो पळाला नाही तर आत जाऊन पडेल. लांबच्याला ओढ कमी, त्याला घाई करायचं कारण नाही. आपली दीडशेच्या वर वर्षं जातात तेव्हा नेपच्यूनचा एक फेरा होतो."

आप्पा विचारात पडले. मग चेरमनकडं बघून म्हणाले, "म्हंजी ह्यांच्या जवळ जो आसंल, त्यालाच जास्त पळापळ. व्हय, हे मातर बघितल्यालं हाय." चेरमन सूर्य असल्यामुळं त्यांना जागा सोडता येईना.

मी मात्र त्या दोघांकडं बघत नव्हते. मी ओट्याकडं बघत होते. सगळ्यात लांबचा, सगळ्यात हळू. नातीला मी तिथल्या तिथं बुध केलं, कंबर धरून बसलेल्या शनीच्या जागी मावशींना घेतलं आणि नेपच्यूनची जागा रिकामी ठेवली.

संध्याकाळी चहा देताना आबांना म्हटलं, "एक ग्रह कमी पडतोय. हळू चालणारा पाहिजे. गावात सगळे पळणारेच निघाले."

"लई हुशार हायस. मी न्हाई."

"बरं. मग आप्पांना विचारते."

"त्यो?" आबा कप ठेवून म्हणाले. "त्याला हळू चालता येतंय व्हय? आगं, हळू चालणं सोपं न्हाई. आमच्या कळपात सगळ्यांच्या मागं कोण ऱ्हायचा म्हाईत हाय? जाणता माणूस. व्यालेली मेंढी, लंगडं कोकरू, त्यांच्या चालीनं चालायचं. तरणी पोरं म्होरं पळायची. मागची चाल मीच धरायचो."

"तेव्हा कोणी म्हणालं का, हा हळू चालतो म्हणून?"

आबांनी कप पुन्हा उचलला आणि उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "त्या शेळीला रंग तरी लाव. निळा आसतोय म्हणं त्यो."

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन कलल्यावर अख्खं गाव खळ्याभोवती जमलं. आप्पांनी तिवईवर चढून पाटी उपणली. दाणे पायाशी पडले आणि भुसा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या डोक्यावर गेला. मग ग्रह निघाले. नात चेरमनभोवती अशी सुटली की त्यांनी टोपी हातानं धरली. मी धूमकेतू होते. जुन्या साडीचं शेपूट लावून मी मनाला येईल तिथून घुसत होते आणि टाळ्या घेत होते.

आणि सगळ्यात बाहेर, कक्षा म्हणून आखलेल्या चुन्याच्या शेवटच्या रेघेवर, निळ्या वॉकरवर वाकून आबा. टक. पाऊल. टक. पाऊल. पहिल्या पावलांना लोक माना वळवून बघायला लागले आणि माझं शेपूट हातातच राहिलं. पडले तर पुन्हा कधी उंबरा ओलांडणार नाहीत, हे मला कळत होतं. ते पडले नाहीत. मागून कोणी पोर ओरडलं, "नेपच्यून आला, वाट सोडा!" आणि आबांनी मान ताठ केली.

गुरुजींनी शिट्टी वाजवली. सगळे ग्रह थांबले. सूर्य खुर्चीत बसला. आबा चालतच होते.

"आबा, संपलं!" गुरुजी म्हणाले.

"तुमचं संपलं आसंल. माझं वरीस अजून झालं न्हाई."

आता नेपच्यून चालतोय म्हटल्यावर बाकीच्यांना थांबता कसं येईल? "आज्ज्या, आता बास की!" असं कण्हत नात पुन्हा पळायला लागली. चेरमन खुर्चीतून उठले. आख्खी सूर्यमाला पुन्हा सुरू झाली आणि गाव हसून लोळलं. निंबापाशी पोचल्यावर आबा आपणहून थांबले, घाम पुसला आणि खुर्ची मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ओट्यावर आले तर बाज रिकामी. मग टकटक ऐकू आली. चुना पायांनी पुसट झाला होता, पण रेघ दिसत होती आणि आबा निंबापासून पुढं निघाले होते.

"आबा, चहा!"

"म्होरं ठिव. मी येतोय तिथं."

मी चार पावलांवर दगडावर कप ठेवला. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"आजून म्होरं."

"गार होईल हो!"

"हू दे. बशी झाक त्याच्यावर."

मी बशी झाकली आणि कप उचलून पार ट्रॅक्टरपाशी नेऊन ठेवला.