मुंजाजीमामांच्या कात्रीनं उघडलेलं पिवळं कार्ड

ताडकळसच्या बसथांब्यासमोर माझं झेरॉक्स अन् लॅमिनेशनचं दुकान आहे. मी बंद केलेला कागद विहिरीत पडला तरी ओला होत नाही. हे आधीच सांगतो, कारण मुंजाजीमामांच्या प्रकरणात सगळं गाव मलाच बोल लावतं.

मामा मेंढपाळ. वय सत्तावन्न. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस आला की मेंढी गुडघ्यांत धरायची ती मामांनीच, अन् गर्दी झाली तर सुईही तेच टोचायचे. टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचं बोट ओढायचं, दहा दिवस तिला पळवायचं नाही, भिजवायचं नाही, हा त्यांचा कायदा.

त्यांची लेक शालू युगांडात असते. जावई हरिओम तिथल्या साखर कारखान्यात फिटर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी शालूला विमान मना केलं, तेव्हा माहेरानंच तिकडं जायचं ठरलं. अडचण एकच. पिवळ्या तापाची लस घेतल्याचं पिवळं कार्ड असल्याशिवाय तो देश आत घेत नाही, अन् लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते.

सुईचं नाव निघालं तसे मामा म्हणाले, "मेंढरं कोण बघंल? भिवरे, तूच जा."

मेंढरं बघायला सख्खा भाऊ होता. खरं म्हणजे हजारो मेंढ्या टोचणारा हा माणूस स्वतः सुईला भितो. भिवरामामींना ते लग्नापासून ठाऊक, पण त्या बोलल्या नाहीत. मला तर मामांचा असा राग आला होता!

मामी नात्यातल्या एका बाईला सोबत घेऊन मुंबईच्या लसीकरण केंद्रातून टोचून आल्या. मामांनी आधी त्यांच्या पोलक्याच्या बाहीवर गेरूचं बोट ओढलं. मग कायदा लागू झाला. झाडलोट बंद, पाणी भरणं बंद. भाकरी मामा थापायचे, एका बाजूनं कच्ची अन् दुसऱ्या बाजूनं कोळसा.

"अन् आंघुळ?" मामींनी विचारलं.

"भिजायचं न्हाई."

चौथ्या दिवशी मामींनी गुपचूप आंघोळ केली. मामांनी संध्याकाळी बाहीवर गेरूचं बोट पुन्हा ओढलं.

केंद्रातल्या डॉक्टरांनी पाणी उकळून प्या, हिवतापाच्या गोळ्या घ्या, मच्छरदाणीत झोपा असंही सांगितलं होतं. मच्छरदाणीचा सराव मामांनी भरदुपारी शेतात घेतला. चार खुंट्या ठोकून जाळी ताणली अन् मामींना आत बसवलं. सवयीनं दोन कोकरंही आत शिरली. मामी त्यांना हाकलायला लागल्या तर मामा ओरडले, "राहू दे! जाळीत आलेलं बाहेर काढायचं न्हाई."

अन् एवढी काळजी घेणारा माणूस कार्ड उघडं कसं ठेवील? ते घेऊन माझ्याकडे आले. "सिद्धोधन, पक्कं कर. लय जपायचंय." कार्ड म्हणजे दुमडलेलं छोटं पुस्तक. मी ते होतं तसं, मिटलेलंच, जाड पाऊचमध्ये घालून यंत्रातून काढलं. आरशासारखं चमकत होतं. दोघंही खूश झालो.

निघायच्या दिवशी जिंतूरचा सिताराम आला. तो हरिओमच्याच कारखान्यातला, सुट्टी संपवून परत चाललेला, मामींना सोबत नेणार होता. त्यानं कार्ड उलटंसुलटं केलं. "मामा, शिक्का आतल्या पानावर असतो. हे उघडतं कुठून?"

ते कुठूनच उघडत नव्हतं.

सगळे माझ्या दुकानात धावत आले. परभणीहून संध्याकाळची गाडी, दुसऱ्या दिवशी विमान. नवं कार्ड करायला वेळच नव्हता. तेवढ्यात शालूचा फोन आला. डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख अलीकडे आणली होती. "आई, निघालीस का गं? मला लय भ्या वाटायलंय."

"निघाले बाळा, निघालेच," मामी म्हणाल्या अन् त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी ब्लेड काढलं. शिक्का फाटला की मामी विमानतळावरून माघारी, अन् लेक तिकडं एकटी. सांगायला लाज वाटते, पण मी ब्लेड खाली ठेवलं.

मामांनी पिशवीतून लोकर कातरायची कात्री काढली. फरशीवर बसले, कार्ड गुडघ्यांत दाबलं. "हालू नगं," म्हणाले, कार्डाला. तीन कडांनी कात्री फिरली, अन् प्लास्टिकची दोऱ्याएवढी पट्टी खाली पडली. कार्ड उघडलं. शिक्का, सही, तारीख, सगळं जागच्या जागी. माझं पक्कं काम असं उघडं पडलं म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी आनंदानं रडलो. मामांनी सवयीनं गेरूची डबी काढली तसा सिताराम किंचाळला. मग ते बोट मामींच्या बॅगेवर ओढलं गेलं.

चार दिवसांनी माझ्याच दुकानात व्हिडिओ कॉल आला. मामी पोचल्या अन् पाचच तासांत शालूला मुलगी झाली होती. मामांनी नात बघितली अन् पहिला प्रश्न विचारला, "टोचली का?"

"टोचली की," मामी म्हणाल्या.

"रडली?"

"जराशी. लगेच गप झाली."

मामांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर केली अन् म्हणाले, "ते सुईचं केंद्र कुठं हाय, मला लिहून दे."

मी पत्ता लिहिला. हात आपोआप यंत्राकडे गेला.

"उघडाच राहू दे," मामा म्हणाले.