भिंतीकडची बाजू

सुतारांच्या वर्कशॉपात दहा-बारा वर्षं काढली की किस्से भुशासारखे साचतात. किती झटकले तरी दोन-चार अंगावर राहतातच. दुबईत रास अल खोरला मी बोर्ड रंगवायचो, तेव्हाचे हे. सांगून सांगून दमलोय, पण ऐका.

मॉलमधल्या प्रदर्शनासाठी एका इटालियन साहेबाने ऑर्डर दिली: इटलीच्या दर्यावर्दींचं दालन, मधोमध कोलंबसचं जहाज. काम आलं दाऊदचाचांकडे. चाचा मूळचे दाभोळचे, तिकडे गलबतं बांधायचे. तीन वर्षं घरी गेले नव्हते. लेकीचा निकाह दोनदा पुढे ढकलला होता, कारण पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात! विचारलं की मॅनेजरचं एकच, "पहले जहाज खलास, फिर छुट्टी. इन्शाल्ला!"

*

जहाज भिंतीला टेकवून ठेवायचं, म्हणून ड्रॉइंगमध्ये अर्धंच होतं. चाचांनी अख्खं बांधलं. साहेबाने कपाळाला हात लावला.

"चाचा, मागची बाजू कोण बघणार?" मी म्हणालो.

"कोणी नाही. पण मला माहीत असेल ना!"

*

मी हौसेने शिडावर इटलीचा झेंडा रंगवला. साहेब ओरडला, "नो, नो! स्पेन!"

माणूस इटलीतल्या जिनोआचा आणि झेंडा स्पेनचा? मी वैतागलोच. साहेब म्हणाला, खर्च स्पेनने केला होता. व्हेनिसचा कॅबट तसाच इंग्लंडसाठी गेला, फ्लोरेन्सचा वेराझानो फ्रान्ससाठी.

चाचांनी रंधा थांबवला. "म्हणजे सगळे आपल्यासारखेच. व्हिसावर!"

*

त्या दर्यावर्दींचा बोर्ड मीच रंगवला. तीन रकाने: नाव, गाव, नोकरी कुठे.

"घरी परत गेले का, ते विचार," चाचा म्हणाले.

विचारलं. साहेबाने बोटांवर मोजलं. कोलंबस स्पेनमध्येच वारला. कॅबट समुद्रावर गेला तो गेलाच. वेराझानोला परक्या बेटावर मारलं.

त्या दुपारी चाचांनी डबा उघडला नाही. मला उगीच विचारलं असं झालं.

*

जहाज पूर्ण झालं. मॅनेजर खूश. "चाचा, शारजा में एक और बनाना है. उसके बाद छुट्टी, इन्शाल्ला!"

चाचा मला जहाजाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला घेऊन गेले.

"लिही. नाव दाऊद. गाव दाभोळ. नोकरी दुबई."

मग चौथा रकाना आखायला लावला: घरी परत गेला का?

"इथे काय लिहू?"

त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, स्वतः 'हो' लिहिलं, आणि तोच ओला ब्रश घेऊन मॅनेजरच्या केबिनमधल्या त्या पासपोर्टच्या कपाटाकडे चालू लागले.